निघाली की काढली?

दुभाषी बाईंना त्या दिवशी आधी शिसारी आली ती चौकशी अधिकाऱ्याच्या पेनाची. टोपणाने तो कान कोरायचा आणि तेच टोपण दातांत धरून साक्ष ऐकायचा.

समोर कपडे धुण्याच्या कारखान्यातली इस्त्रीवाली होती. तिच्या धाकट्या बहिणीची तीन बोटं गरम रोलरखाली चिरडली होती. रोलरपुढची संरक्षक जाळी जागेवर नव्हती.

"मुकादमाने जाळीचं काय केलं?" अधिकाऱ्याने विचारलं.

बाईंनी प्रश्न तिच्या भाषेत सांगितला. इस्त्रीवाली एकच शब्द बोलली.

बाई म्हणाल्या, "त्याने ती काढली, मी डोळ्यांनी पाहिलं."

"एका शब्दाचं एवढं पुराण? पदरचं घालू नका हं!"

"यांच्या भाषेत कोणी केलं, कशाचं केलं, सगळं क्रियापदालाच चिकटतं. शेवटी एक प्रत्यय लागतो. स्वतः पाहिलं तर एक, ऐकीव असेल तर दुसरा. तो टाळून बोलताच येत नाही."

"बरं, बरं." त्याने कारकुनाला मजकूर सांगितला, "जाळी निघाली होती असे समजते."

कोपऱ्यातला मुकादम मिशीत हसला.

नियमाप्रमाणे बाईंनी ते वाक्य इस्त्रीवालीला ऐकवलं. ती गोंधळली. "म्हणजे कोणी काढली?"

"ते यात नाही."

"तुमच्याकडे जाळ्या आपणहून निघतात?"

बाईंनी कारकुनापुढचा कागद ओढून घेतला. 'दुखापत झाली', 'चूक घडली', असल्या कागदांवर त्या बारा वर्षं सह्या करत आल्या होत्या. भाषा काही पांगळी नव्हती. कर्त्याला तिच्यात जागा होती. या लोकांनी तो गिळला होता, आणि वर पाणी बाईंनी पाजलं होतं.

"करा सही, जेवायची वेळ झाली." अधिकाऱ्याने ओलं पेन पुढे केलं.

बाईंनी स्वतःचं पेन काढलं. वाक्य खोडलं, खाली मूळ शब्द लिहिला, त्याचे तुकडे पाडून प्रत्येकाखाली अर्थ दिला: ती, काढली, त्याने, मी पाहिलं. मग सही ठोकली.

"अहो, या कागदावर क्रमांक आहे! फाडता येत नाही मला!"

"ठाऊक आहे."

चौकशी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे गेली आणि मुकादमाची नोकरी सुटली. बाईंचं नावही दुभाष्यांच्या यादीतून उडालं.

"एका प्रत्ययापायी पोटावर पाय आणलास," नवरा जेवताना म्हणाला.

बाईंचा घास तोंडात फिरत होता. जुने कागद एकेक करून आठवत होते, आणि प्रत्येकाखाली त्यांचीच सही होती.