पेल्यातला गंज

"अहो, अंबाडा जरा खाली घ्या. सकाळपासून बसलेय, पेला काही दिसेना!" मागच्या बाई माझ्या मानेपाशी पुटपुटल्या. मी अंबाडाच सोडला. शाळेच्या सभागृहात तीनशे माणसं एका पेल्याकडे डोळे लावून बसली होती.

आम्ही दुसऱ्याच रांगेत होतो. शेजारी माझी धाकटी बहीण होती, पलीकडे तिचा नवरा. धाकटीची मूत्रपिंडं निकामी. आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त साफ करून घ्यावं लागतं. एका थेंबवाल्याच्या औषधावर विसंबून ते नऊ दिवस बंद होतं आणि मला आज सकाळी कळलं. तिचे पाय चपलेत मावत नव्हते. इस्पितळात चला म्हटलं, तर मेहुणा हटून बसला, "ताई, आधी डोळ्यांनी बघा, मग बोला."

"हा पेला म्हणजे तुमचं मूत्रपिंड!" व्यासपीठावरचा थेंबवाला गरजला. "हा तांबूस रंग म्हणजे गंज! खिळ्याला चढतो, तसाच अवयवांना चढतो. शंभर फळांचं सत्त्व, फक्त सात थेंब! मग यंत्र कशाला नि सुया कशाला?"

सात थेंब पडले. तांबूस पाणी नितळ झालं. टाळ्यांचा कडकडाट झाला. एक म्हातारा तर रडायलाच लागला.

मला मात्र वास आला. इस्पितळाच्या धोबीखान्यात बावीस वर्षं चादरी धुतेय मी. जखमेवर लावायच्या आयोडिनचा वास झोपेतही ओळखीन. त्याचे डाग साबणाला दाद देत नाहीत. 'क' जीवनसत्त्वाच्या आंबट गोळ्या कुटून चोळल्या, की डाग दिसेनासा होतो. अशी पुडी माझ्या पिशवीत कायम असते.

मी उठले, व्यासपीठावर गेले. "माझ्याकडचंही सत्त्व बघा की." पुढच्या खेळासाठी तिथे ठेवलेल्या दुसऱ्या तांबूस पेल्यात चिमूटभर पूड टाकली. पाणी नितळ.

थेंबवाला हुशार. "बघा! बाईंनीच सिद्ध केलं!"

"केलं ना. मग प्या हे पाणी."

तो हसला. पेल्याला हात लावला नाही.

"कसे पितील? आयोडिन आतच आहे," मी लोकांकडे वळले. "रंग गेला, घातलेलं गेलं नाही. गंज यांनीच ओतला, यांनीच लपवला. फळं-भाज्या जरूर खा, त्यातली सत्त्वं शरीराच्या कामाची असतात. पण बंद पडलेलं मूत्रपिंड त्यांनी चालू होत नाही. अशा रोग्याला तर फळही डॉक्टरांना विचारूनच द्यायचं. औषध बंद करा म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, पेला कशाला दाखवता? रक्त तपासलेला कागद दाखवा."

थेंबवाला मागच्या दाराने गेला. कुणी माझे आभार मानले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. त्यांच्या हातातली आशा मी काढून घेतली होती.

मी जागेवर परतले, तसा मेहुणा माझ्याकडे वळला. "पण ताई, हिला खरंच बरं वाटत होतं हो. रोज सकाळी हीच सांगायची."

धाकटीला धाप लागली होती. तिने नवऱ्याचा हात धरला.

"कुठे बरं वाटत होतं मला? एक दिवससुद्धा नाही. पाच वर्षं नेता-आणता मला. थकलात तुम्ही. ताईपण थकलीय. कुणी तसं बोलून दाखवत नव्हतं, म्हणून मीच बरं वाटतंय म्हणत राहिले."