वीतभर खांब

सकाळी साडेनऊच्या ठोक्याला आत्याबाईंनी भाचीच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी सुती पट्टीने एकत्र बांधली, गाठ दातांनी आवळली, आणि खुर्चीत बसत हुकूम सोडला, "वाजव."

"आत्या, मी त्रेचाळीस वर्षांची बाई आहे."

"पाठ ताठ केलीस तर कुणी म्हणणार नाही. वाजव."

भाचीने दातओठ खात गज उचलला. तिच्या खांद्यावर रेललेला डबल बेस, व्हायोलिनचा तो अवाढव्य थोरला भाऊ, तिच्याहून हातभर उंच होता, आणि त्याला कवेत घेऊन उभे राहताना आपण एखाद्या न आवडणाऱ्या पाहुण्याला मिठी मारतो आहोत, असे तिला रोज वाटे. तिने जाड तारेवरून गज ओढला. फरशीवरून लाकडी कपाट ओढल्यासारखा आवाज झाला.

"थांब. सामान हलवायला नाही बोलावलं तुला."

हा तिसरा आठवडा होता. बावीस वर्षे जिने इलेक्ट्रिक बेस गिटार गळ्यात अडकवून बँडच्या मागच्या रांगेत उभे राहून पुढच्या सर्वांना सांभाळले, जिच्या बोटांच्या वेगामुळे बँडवाले जिला कौतुकाने 'मोटर' म्हणत, ती बाई तीन आठवडे चार तारांवर गज घासत होती. बँड गेल्या वर्षी मोडला. गायकांना आता वादक नको होते; एक लॅपटॉपवाला आला की सगळा वाद्यवृंद त्याच्या पिशवीत मावत असे. मोटर घरी बसली. अशात नाट्यगृहाच्या वाद्यवृंदातील डबल बेसची खुर्ची रिकामी झाल्याचे कळले. ही खुर्ची एकेकाळी आत्याबाईंची. चौतीस वर्षे त्यांनी ती सांभाळली आणि बोटांचे सांधे सुजले तेव्हाच सोडली. महिनाअखेरच्या शनिवारी संचालक उमेदवारांना ऐकणार होते. खुर्ची मिळाली तर भाची वादक राहणार होती. नाही मिळाली तर धाकट्या जावेच्या कापडदुकानात काउंटरमागे बसावे लागणार होते, आणि जावेने तिच्यासाठी स्टूलही पसंत करून ठेवले होते.

"तारा त्याच चार, सूर तेच चार," ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. "फक्त वाद्य उभं धरून वाजवायचं."

आत्याबाईंनी तेव्हा फक्त चष्मा पुसला होता.

गिटारच्या गळ्यावर आडव्या पट्ट्या असतात. बोट जरा अलीकडे-पलीकडे पडले तरी पट्टी सूर सावरून घेते. इथे गळा जिन्याच्या कठड्यासारखा गुळगुळीत होता आणि बोट केसभर चुकले की ते साऱ्या इमारतीला कळत होते. तिथे चार बोटांना चार घरे होती. इथे घरे एवढी लांब की अनामिकेला एकटीने काही जमत नाही, तिने करंगळीच्या जोडीनेच चालायचे. म्हणून ती पट्टी. आणि आवाज! पहिल्या आठवड्यात संतापाच्या भरात तिचा उजवा हात वाद्याच्या पोटावर आवाजाचे बटण शोधू लागला होता.

"बटण हवंय?" आत्याबाईंनी तिच्या पाठीत थाप मारली. "हे इथे आहे."

त्या सकाळीही दीड तासानंतर तिचा संताप असाच उसळला. परीक्षेसाठी आत्याबाईंनी निवडलेली चाल संथ होती, जवळजवळ सगळी खालच्या दोन जाड तारांवर. भाचीच्या मते ती चाल म्हणजे पायात वहाण अडकलेल्या म्हातारीने बाजारातून घरी येणे होते.

"पुन्हा," आत्याबाई म्हणाल्या.

"बावीस वर्षं वाजवतेय मी!"

"बावीस वर्षं गाडी चालवली म्हणून कुणी घोड्यावर बसत नाही. पुन्हा."

तळपायाची आग मस्तकात गेली. भाचीने दातांनी गाठ सोडली आणि पट्टी भिरकावून दिली. ती कपाटामागे जाऊन पडली. आत्याबाईंनी कपाटाकडे पाहिले, भाचीकडे पाहिले, आणि चहा टाकायला उठल्या.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी आत्याबाईंना ठाऊक नाही असे भाचीला वाटत होते. जेवणानंतर आत्याबाई दोन तास झोपत. त्या दोन तासांत भाची गज बाजूला ठेवून बोटांनी, जाग येऊ नये म्हणून तार जेमतेम छेडत, सर्वांत बारीक तारेवर, अगदी वरच्या सुरांत एक वेगवान तुकडा बसवत होती. बँडमध्ये ह्याच तुकड्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत. नाट्यगृहाच्या पत्रात लिहिले होते, 'उमेदवाराने आपल्या पसंतीचे काहीही सादर करावे.' काहीही! मग म्हातारीची चाल कशाला? संचालकांना कळू दे की समोर शिकाऊ पोर उभी नाही.

अडचण एवढीच होती की बोटांना फोड आले होते. तारा जाड आणि राठ. भाचीने मऊ तारांचा नवा संच आणला आणि गुरुवारची वाट पाहत राहिली, कारण गुरुवारी आत्याबाई दाताच्या डॉक्टरकडे जाणार होत्या.

गुरुवारी दार लागले तशी तिने खुंट्या पिळायला घेतल्या. गिटारच्या तारा तिने शेकडो वेळा बदलल्या होत्या. चारही एकदम काढायच्या, गळा स्वच्छ पुसायचा, नव्या चढवायच्या. तिने तसेच केले. चौथी तार सैल झाली आणि तारांना उचलून धरणारी लाकडी घोडी खटकन आडवी झाली. ती केवळ तारांच्या दाबावर उभी असते, हे तिला कुणी सांगितले नव्हते. किंबहुना तिने विचारले नव्हते. घोडी उचलायला ती वाकली, तोच वाद्याच्या पोटात काहीतरी टक् झाले आणि गडगडत खालच्या कोपऱ्यात जाऊन थांबले.

तिने वाद्य हलवले. गडगड. पुन्हा हलवले. गडगड.

पोटावरच्या वळणदार फटीला डोळा लावला तेव्हा आत अंधारात वीतभर लांब, अंगठ्याएवढी जाड एक काठी पडलेली दिसली. ती कशासाठी होती हे तिला ठाऊक नव्हते. पण ती पडायची नव्हती, एवढे नक्की.

तिने घाईघाईने घोडी उभी केली, जुन्याच तारा चढवल्या, सूर लावले. वाद्य वाजले, पण पुठ्ठ्याच्या खोक्यासारखे. ती पुन्हा-पुन्हा गज ओढत असतानाच दारात किल्ली फिरली. गाल सुजलेल्या आत्याबाई उंबऱ्यातच थांबल्या. चप्पलही काढली नाही.

"खांब पाडलास."

"कसला खांब?"

"पोटातला. चारही तारा एकदम काढल्यास ना?" दाताच्या भुलीमुळे शब्द वाकडे येत होते, पण एकही निसटत नव्हता. "अगं शहाणे, तो नुसता दाबावर उभा असतो. एकेक तार काढायची, एकेक चढवायची. वरून घेतलेला हादरा तो पाठीला देतो, म्हणून एवढं मोठं धूड बोलतं."

"दुरुस्तीवाल्याकडे नेते. आत्ता."

"तो लेकीच्या बाळंतपणाला गेलाय. पुढच्या आठवड्यात येईल."

"परवा परीक्षा आहे, आत्या!"

"मला कॅलेंडर वाचता येतं." आत्याबाईंनी आता चप्पल काढली. "माझ्या हातांत आता तो जोर नाही. तुझ्यात आहे. गादी आण, टॉर्च आण, माझा हातआरसा आण. आणि रडायचं असेल तर आधी रडून घे, आरशावर वाफ धरते."

वाद्य गादीवर आडवे झाले. आत्याबाईंच्या ट्रंकेतून नागमोडी वाकवलेली एक लोखंडी सळई निघाली. तिचे टोक काठीत खुपसायचे, काठी फटीतून आत न्यायची, आत उभी करायची, आणि बारीक तारेखालच्या घोडीच्या पायाच्या किंचित मागे अशी अडकवायची की ती वरून-खालून घट्ट बसेल. ऐकायला सोपे होते. भाचीने पालथे पडून एका फटीतून सळई घातली, दुसरीत आरसा धरला. आरशात डावे उजवीकडे गेले. खांब पडला. पुन्हा उभा केला. तिरपा राहिला आणि पडला. आठव्यांदा उभा राहिला, आणि सळई काढताना सळईबरोबरच बाहेर आला.

"मरू दे!" भाचीने सळई गादीवर आपटली.

"मरू दिला असता तर चौतीस वर्षं पोट भरलं नसतं माझं त्याच्यावर. ऊठ. श्वास रोखून धर. आता फिरव. हळू."

दुपार सरली, मान आखडली, कोपर सोलवटले. शुक्रवारी सकाळपासून पुन्हा तेच. अकरा वाजता खांब उभा राहिला आणि उभाच राहिला. आत्याबाईंनी आरशात बराच वेळ पाहिले.

"जरा मागे. अजून. बस्स. आता त्याला हात लावायचा नाही."

तारा एकेक करून चढल्या. भाचीने खालच्या तारेवर गज ठेवला आणि दचकली. पायाखालची फरशी थरथरली. असा गोल, भरदार सूर ह्या वाद्यातून तिने काढलाच नव्हता. मग तिने हळूच बारीक तार छेडली. तोंडावर उशी दाबून कुणी बोलावे तसा आवाज आला.

"आत्या, वरची तार मेली."

"मेली नाही. झोपलीय."

"खांब थोडा पुढे घेऊ या ना."

"आणि पुन्हा पडला तर? उद्या सकाळी काय, पोट उघडून दाखवणार आहेस त्यांना?" आत्याबाईंनी चष्म्यावरून पाहिले. "आणि तुला वरच्या तारेचं काय काम? आपली चाल तर खालच्या दोन तारांवर आहे."

चोरट्या तुकड्याचे नाव काढायची सोय नव्हती; भाचीने सळई ट्रंकेत ठेवली.

शनिवारी नवऱ्याने आपली माल पोहोचवण्याची गाडी आणली. वाद्य जिन्यावरून उतरवताना तो घामाघूम झाला. "तू बासरी का नाही शिकलीस गं?" त्याने विचारले.

नाट्यगृहाच्या तालमीच्या खोलीत संचालक एकटेच बसले होते, चष्मा कपाळावर चढवून. "काय ऐकवता?"

भाचीने सूर तपासायच्या निमित्ताने बारीक तार पुन्हा एकदा छेडली. उशी तशीच होती. तीन आठवड्यांच्या चोरट्या दुपारींवर पाणी फिरले. तिने मनातल्या मनात खांबाला, दुरुस्तीवाल्याच्या लेकीला आणि स्वतःला शिव्या घातल्या, गज उचलला आणि म्हातारीला बाजारातून घरी आणायला निघाली.

चाल संथच चालली. दोन ठिकाणी बोट खाली पडले. ती दात आवळून वर सरकली. पट्टी नसल्याने मोकळी सुटलेली अनामिका तीनदा एकटीच पुढे धावली. शेवटचा सूर मात्र एवढा पसरला की कोपऱ्यातली लोखंडी खुर्ची किणकिणली.

"दोन सूर उतरले होते," संचालक म्हणाले.

"हो."

"कळलं तुम्हाला?"

"बोट ठेवतानाच कळलं. मागे घ्यायला वेळ नव्हता."

संचालकांनी कागदावर काहीतरी लिहिले. "आणखी काही ऐकवणार?"

भाचीचे तोंड उघडले. डावा हात गळ्याच्या खालच्या टोकाकडे, वरच्या सुरांकडे, निघालाही.

"नाही," ती म्हणाली.

"गजाचा हात कच्चा आहे, आणि हे बोट भारी उतावळं. पण सूर भरदार काढता. एक हंगाम बसा. तोवर सुधारलं तर पुढचं बोलू."

एक हंगाम! बावीस वर्षांनंतर उमेदवारीचा एक हंगाम. जावेचे स्टूल तूर्त टळले होते, आनंदही झाला होता, पण अर्धाच.

आत्याबाईंनी सगळे ऐकून घेतले. "गादी घाल," त्या म्हणाल्या, "आणि सळई आण. तारा सैल कर. सोडू नकोस, नुसत्या सैल."

"आता कशाला?"

"खांब पुढे घे. तांदळाच्या दाण्याएवढा. त्याहून जास्त नाही."

भाचीने श्वास रोखला, सळई फिरवली. खांब दाणाभर सरकला. तारा कसून तिने बारीक तार छेडली. खोलीत स्वच्छ, टोकदार सूर उभा राहिला.

ती आत्याबाईंकडे वळली. "तुला माहीत होतं."

"चौतीस वर्षं वाजवलंय ते. खांब कुठे ठेवला की काय बोलतं, हे मला माहीत नसणार?"

"आणि माझा तुकडा? तोही माहीत होता? तू तर दुपारी झोपलेली असायचीस!"

"मी डोळ्यांनी झोपते. कान उघडे असतात."

"अगं पण माझी परीक्षा होती ती! तुझी नाही!" भाचीचा आवाज चढला. "मी त्यांना दाखवलं असतं, मी कोण आहे ते. पूर्ण खुर्ची दिली असती त्यांनी मला!"

"मग आता दाखव. तार जागी झालीय. वाजव तुझं ते पळपुटं."

भाचीने वाद्य खांद्यावर ओढले आणि तुकडा सुरू केला. वेग होता, बोटे धावत होती. पण पूर्ण जोराने छेडलेली तार आता काहीही झाकत नव्हती. तिसरा सूर वर गेला. पाचवा खाली. सातव्यापाशी तिला आपण कुठे आहोत तेच कळेना. गिटारच्या पट्ट्यांनी इतकी वर्षे जे सावरून घेतले होते ते सारे एकदम उघडे पडले. तिने वेग वाढवला, तसे ते आणखीच वाईट झाले. खालच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी लावून घेतली.

ती मध्येच थांबली. आत्याबाईंनी सुजलेल्या बोटांनी साडीचा पदर सारखा केला.

"तो संचालकही अगदी ह्याच बोटाला—" भाचीने सुरुवात केली, आणि सोडून दिली. तिने डाव्या हाताचे फोड चाचपले. मग फणकाऱ्याने म्हणाली, "ती पट्टी कुठे ठेवलीस?"

"मी कशाला ठेवू? तू फेकलीस तिथेच आहे," आत्याबाई म्हणाल्या. "कपाट मात्र तुलाच हलवावं लागेल. त्याची तुला चांगली सवय आहे."