पाठ ओळखणारं इरलं

मित्रांनो, मी एक जुनं इरलं आहे. राजगडाच्या पायथ्याला पाली गाव आहे, तिथं सगुणाबाईच्या पडवीत खुंटीला टांगलेलं असतं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला पाहिलं नसेल, म्हणून आधी माझी ओळख करून देतो. बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या, त्यांच्यामध्ये दाबून बसवलेली पळसाची पानं आणि आकार पालथ्या होडीसारखा. भात लावताना बाई वाकते, तेव्हा मी तिच्या डोक्यापासून कमरेपर्यंत पांघरलेलं असतं. पाऊस माझ्यावर पडतो आणि तिचे दोन्ही हात कामाला मोकळे राहतात. छत्रीला हे अजून जमलेलं नाही.

मी कायम पाठीवर बसतो, त्यामुळे तोंड ओळखण्याच्या बाबतीत मी अगदी ढ आहे. पाठ मात्र मला बरोबर कळते. दमलेली, रुसलेली, हसू दाबणारी, सगळ्या पाठी मला ठाऊक आहेत. आयुष्यभर मी तेवढंच शिकलो.

मला सगुणाबाईच्या सासऱ्यांनी, गेनूबाबांनी विणलं. सून नवी होती, पावसात भिजून पहिल्याच आवणीत तापानं पडली होती. आवणी म्हणजे भाताची लावणी. म्हातारा तोंडानं फटकळ, पण सून उठून बसेपर्यंत त्यानं बांबू तासून मला पुरं केलं आणि तिच्यासमोर ठेवलं. "घे, आन् आता आजारी पडू नगंस," एवढंच म्हणाला. सगुणाबाई ते अजून सांगते. पुढं माझी पानं झडली, तेव्हा तिनं माझ्यावर निळं प्लॅस्टिक ओढलं. ते फाटलं तेव्हा लाल दोऱ्यानं ठिगळ शिवलं. ते ठिगळ लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

आमच्याकडे आवणी सावडीनं होते. आज एका घरच्या भातखाचरात सगळ्यांनी जायचं, उद्या दुसऱ्याच्या. कुणी कुणाला मजुरी देत नाही, हाताला हात लावायचा. रस्त्यावरून पाहिलं तर नुसती इरल्यांची रांग दिसते. गावचा जावई आला की तो बायकोला हाक मारतो आणि ओ भलतीच बाई देते, मग सगळ्या रांगेला हसू फुटतं. पण रांगेतल्या बायकांना कुणाची ओळ कुठली ते न पाहता कळतं. ठकुबाईची ओळ सुतात असते. सगुणाबाई झपझप लावते, पण मध्ये फटी ठेवते. तिला ते सांगितलेलं आवडत नाही.

सगुणाबाईची मुलगी सोनिया. लहानपणी ती बांधावर मला उभं करून माझ्या आत घर-घर खेळायची आणि खेळता खेळता झोपायची. तिची पाठ तेव्हा इवलीशी होती. मग ती मोठी झाली, एसटीनं विंझरच्या बाजूला कॉलेजात जाऊ लागली आणि अभ्यासासाठी आईनं तिला मोबाईल घेऊन दिला. खुंटीवरून मला तिची पाठ रोज दिसे. पडवीच्या कोपऱ्यात ती बसे, मान खाली आणि अंगठा सारखा वर सरकतोय. आवणीतली बाईसुद्धा अधूनमधून उठून कंबर सरळ करते हो. ही पोरगी करत नव्हती.

त्या मोबाईलमध्ये तिची मामेबहीण शेफाली होती. शेफालीचं घर कामथडीला, हायवेजवळ. आजोळी दोघी एका ताटात जेवलेल्या. आता शेफाली दिव्यांच्या माळांखाली, रंगीत पेल्यासमोर, रोज नव्या कपड्यात दिसे. सोनिया ते पाही आणि आपल्या हातांकडे पाही. मग तिनं आवणीला येणं बंद केलं. ऊन लागतं, पायाला चिखल्या होतात, मैत्रिणी काय म्हणतील, अशी तिची कारणं. सगुणाबाई म्हणायची, असू दे, शिकतेय पोर. सावडीतलं तिचं काम आई ओढत राहिली.

गडावर येणाऱ्यांच्या गाड्या गावात उभ्या असतात. त्यांना टेकून सोनिया फोटो काढी, मोबाईलमधल्या कुठल्याशा युक्तीनं रंग उजळ करी, नाक बारीक करी, डोळे मोठे करी. एकदा तिनं हौसेनं तसा एक फोटो आईला दाखवला. सगुणाबाईनं हात पदराला पुसून मोबाईल घेतला, बराच वेळ न्याहाळला आणि खरंच विचारलं, "कुणाची पोरगी गं ही? लई गोड हाय." सोनिया मोबाईल घेऊन आत गेली. तिची पाठ त्या दिवशी मला आवडली नाही.

त्याच सुमारास पुण्याच्या एका बाईनं गंमत म्हणून मला डोक्यावर घेऊन फोटो काढला. गडावर येणारे असं करतात, मला सवय झालीय. पण तो फोटो सोनियाला मोबाईलमध्ये दिसला आणि त्याचं केवढं कौतुक चाललं होतं! आपल्याला ज्याची लाज वाटते ते दुसऱ्यानं घातलं की छान दिसतं, हे तिच्या मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं मला खुंटीवरून काढलं, आईचं लुगडं नेसली आणि मला घेऊन निघाली. मला वाटलं, आवणीला चाललो. आम्ही ठकुबाईच्या तरव्यावर गेलो.

तरवा म्हणजे भाताचं रोप वाढवण्याचा वाफा. आवणीच्या आधी तो इतका हिरवा असतो की नजर ठरत नाही. तिथलं रोप उपटूनच पुढं खाचरात लावायचं, म्हणून तरव्यात पाय घालत नाहीत. हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही कळतं. सोनियालाही कळत होतं. पण ठकुबाईचा तरवा रस्त्याला लागून, मागं राजगड आणि वर ढग. ती मधोमध उभी राहिली, मला डोक्यावर धरलं आणि गिरकी घेतली. चेहरा बदलणाऱ्या त्याच युक्तीनं रील झाली. कितीतरी दिवसांनी तिची पाठ ताठ झाली होती आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. थोडंसंच रोप मोडलं होतं, ते तिनं बोटांनी उभं केलं.

ती रील म्हणे वाऱ्यासारखी पसरली. लोक जागा विचारू लागले. सोनियानं गावाचं नाव आणि रस्ता लिहून टाकला. सगळ्यांत आधी शेफालीचा फोन आला, मला पण तिथं तशीच रील करायची आहे, रविवारी येते.

रविवारी सगळं गाव वरच्या अंगाच्या खाचरात सावडीला गेलं होतं. शेफाली दुपारच्या गाडीनं उतरली. सोनियानं मला डोक्यावर घेतलं आणि दोघी नटूनथटून तरव्याकडे निघाल्या. वळणावर गेलो आणि सोनियाचे पाय थांबले. रस्त्याला मोटारसायकली लागल्या होत्या, गाड्या लागल्या होत्या. तरव्यात पोरंपोरी नाचत होती. रोप कुठं होतं? सगळा चिखल झाला होता.

बाहेर या, हे रोप आहे, असं सोनिया सांगू लागली. कुणी ऐकेना. एका पोरानं उलट आपला मोबाईल तिच्यापुढं धरला. "ही बघ, ही पण उभी आहे ना मधोमध? मग आम्हालाच का?" मोबाईलमध्ये सोनियाच होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मोबाईलकडे पाहिलं, पण त्याला काही उमगलं नाही. मला मात्र त्यानं लगेच ओळखलं. हे इरलं दे ना फोटोपुरतं, असं तो म्हणाला. मित्रांनो, सोनियाची पाठ तेव्हा थरथरत होती.

संध्याकाळी ठकुबाई आली. तिचा नवरा नाही, मुलगा सोमनाथ पुण्यात टेम्पो चालवतो. वर्षाचं खाणं त्या एका खाचरावर. पुन्हा बी टाकावं तर रोप यायच्या आत आवणीचे दिवस सरतात. ती ओरडली नाही. बांधावर बसली आणि चिखलातली एकेक काडी उभी करू लागली. उभी केली की ती पडे.

गावात कुणाच्या तरी मोबाईलवर ती रील निघाली. सगळ्यांनी पाहिली, पोरगी कोण ते कुणाला कळेना. पण लाल दोऱ्याचं ठिगळ कळलं. "इरलं तर सगुणाचं हाय," गावातला कुंडलिक म्हणाला, आणि चार माणसं आमच्या पडवीत येऊन उभी राहिली. सगुणाबाईला काही माहीत नव्हतं. तिची पाठ मात्र दोषी असल्यासारखी वाकली. गडावर येणारं कुणीबी इरलं मागतं, आपण देतो, असं ती सांगत राहिली.

आत दोघी बहिणी बसल्या होत्या. शेफाली कुजबुजली, "तू कशाला सांगतीस? त्यात तू वळखूच येत न्हाईस."

खरंच होतं ते. सोनिया गप्प बसली असती तर गोष्ट कुण्या अनोळखी ट्रेकरच्या नावावर मिटली असती. मी खुंटीवरून पाहत होतो. पोरगी बराच वेळ उंबऱ्याच्या आत उभी होती. मग बाहेर आली, मला काढलं आणि माणसांच्या मधून तडक ठकुबाईच्या बांधावर गेली.

"काकी, त्यातली ती मीच हाय."

ठकुबाईनं मान वर केली. रागानं बोलेल, शिव्या देईल असं मला वाटलं. ती म्हणाली, "त्या पोरीत तू मला कुठंच दिसली न्हाईस बघ. आता आलीयास तर रोप गोळा कर. माझं खाचर मोकळं ऱ्हाता कामा न्हाई."

आमच्याकडे कुणाचं रोप कमी पडलं तर ज्याची आवणी उरकली त्याच्याकडे उरलेलं मागतात. नाही कुणी म्हणत नाही, पण दारात उभं राहून तोंडानं मागावं लागतं आणि का कमी पडलं ते सांगावं लागतं. सोनिया मला डोक्यावर घेऊन दारोदार फिरली. शेफालीही मागोमाग होती. प्रत्येक दारात तीच गोष्ट पुन्हा सांगायची. कुणी ऐकून घेतलं, कुणी टोमणा मारला. मानसिंगाच्या घरी, आधी नाचून दाखव मग रोप देतो, असंही ऐकावं लागलं. तिनं ऐकून घेतलं आणि मूठभर रोप पाटीत टाकून पुढं निघाली. असं करत पाटी भरत गेली. कुठं इंद्रायणी, कुठं आंबेमोहर, जे मिळेल ते.

मग ठकुबाईच्या खाचरात सावड बसली. शेफाली पाहुणी, ती भिजायला नको म्हणून सोनियानं मला तिच्या पाठीवर दिलं आणि स्वतः पोत्याची खोळ करून डोक्यावर घेतली. बिचारी शेफाली! तिनं चिखलात पाय घातला आणि पहिल्यांदा बसलीच. पण उठली आणि लावू लागली. तिची पाठ मी पहिल्यांदाच घेतली होती. चांगलीच वाकलेली पाठ होती ती, मोबाईलवाल्या सोनियासारखीच.

बऱ्याच वेळानं, वर न पाहता, ती बोलू लागली. "ते दिवं, ते टेबल, बाबा ज्या हाटेलात कामाला हायेत तितलं हाय. गिऱ्हाईक यायच्या आधी मी पटकन फोटो काढती. कपडं मैत्रिणीचं. तुझी रील बघून म्या रडले गं. म्हणलं, हिच्याकडं डोंगर हाय, गड हाय, माझ्याकडं काय हाय?"

सोनियाच्या हातातलं रोप तसंच राहिलं. दुरून डोंगर साजरे, ही म्हण आम्ही डोंगराखालीच राहून ऐकतो, तरी विसरतो. कामथडी काय आणि पाली काय, पळसाला पानं तीनच. "आगं येडे," एवढंच सोनिया म्हणाली आणि दोघी पुढं लावत राहिल्या. ती रील तिनं त्याच दिवशी काढून टाकली, असं पुढं पडवीत ऐकलं.

दुपारी सगुणाबाई भाकऱ्यांची पाटी घेऊन बांधावर आली. पाऊस धो धो. खाचरात नुसत्या वाकलेल्या पाठी, इरली आणि पोत्याच्या खोळी. माझं लाल दोऱ्याचं ठिगळ वर चमकत होतं. मला वाटलं, आता ही मला बघणार आणि शेफालीला आपली लेक समजून हाक मारणार. मजा येणार.

सगुणाबाईची नजर माझ्यावरून सरकली. रांगेच्या टोकाला पोत्याखाली एक पाठ होती. तिची ओळ वाकडी जात होती आणि मध्ये आईसारख्या फटी पडत होत्या.

"सोने," तिनं हाक मारली, "चल, भाकर खाऊन घे."

आणि सोनियानं ओ दिली.

मित्रांनो, पाठी फक्त मलाच ओळखता येतात, असा माझा इतकी वर्षं समज होता. म्हातारपणी तो गेला ते बरंच झालं. ठकुबाईचं खाचर आता ठिगळाठिगळांचं हिरवं दिसतं, आणि ती वाकडी ओळ कुणाची, असं कुणी विचारलं की ठकुबाई नाव सांगते. ती ओळ सरळ करायची नाही, असं तिनं बजावलंय.

माझी इच्छा फार मोठी नाही. पाऊस सरला की आम्हाला कोपऱ्यात फेकू नका, चुलीच्या धुरावर टांगा, म्हणजे कीड लागत नाही. आणि पोरींनो, पोरांनो, रात्रंदिवस मान खाली घालून, आपण कुणासारखे दिसतो ते शोधत बसू नका. कधीतरी कंबर सरळ करा, चार जणांच्या रांगेत जाऊन वाका. पावसात, पोत्याखाली, पाठमोरे असलात तरी तुमचंच नाव घेऊन हाक मारणारं कुणीतरी बांधावर उभं असतं. त्या हाकेला ओ द्या, भाकरी गार होते.