ताठ खांद्याची काडतुसं

मी सांगते ते तुम्हाला खरं वाटणार नाही, मित्रांनो, आणि नाही वाटलं तर माझं काही अडलेलं नाही. मी एक जुनी रायफल आहे. अमेरिकेत, आयडाहोतल्या लॉस्ट नदीच्या खोऱ्यात, नेल्डा स्टेनक्विस्टच्या स्वयंपाकघरामागच्या कपाटात, दोन खुंट्यांवर आडवी पडून असते. माझ्या खालच्या खुंट्यांवर एक दुनळी बंदूक आहे. तिला मध्येच तोंड घालायची खोड आहे. तिच्याकडे लक्ष देऊ नका.

माझी नळी ज्या भट्टीत ओतली, त्याच भट्टीतून दुसऱ्या दिवशी एका बोटीचा नांगर निघाला.

“मागच्या खेपेला सांगितलंस तेव्हा अख्खी युद्धनौका निघाली होती,” दुनळी म्हणाली.

नांगर युद्धनौकेचाच होता. असो. नेल्डाचा बाप ऑरवल यानं मला घेतलं तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. पहिल्याच मोसमात आम्ही दोघांनी रस्त्यावरच्या ‘शिकारीस मनाई’ या पाटीतला ‘मनाई’ हा शब्द तेवढा उडवला, चारशे पावलांवरून, घोड्यावर बसून. घोडा शिंकला नसता तर पाटीचा पत्रासुद्धा वाकला नसता. मग पन्नास वर्षं या घरात एल्कचं मांस कमी पडलं नाही. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. सांबराला फुगवून बर्फात सोडावं, तसं.

ऑरवल विकतची काडतुसं कधी वापरत नसे. दर ऑगस्टमध्ये जेवणाच्या टेबलावर मेणकापड अंथरून तो स्वतः भरायला बसायचा. पितळेची पुंगळी, तिच्यात मोजून दारू, वर गोळी. दारू तोलताना घरात कुणी बोलायचं नाही, हा नियम होता. पाळणारी एकटी नेल्डा. धाकटा रुलन बोलायचाच.

“बाबा, आणखी चिमूटभर घाला ना.”

“पुंगळीत मावते तेवढीच घालायची, रुलन.”

“मग पुंगळी मोठी करा!”

त्या खुळाचं पुढे काय झालं ते ऐका. साध्या काडतुसाचा खांदा उतरता असतो, दिवसभर लाकडं फोडून आलेल्या माणसासारखा. काही उपद्व्यापी लोक रायफलीचा घसा, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, आतून कोरून रुंद करतात. त्यात साधं काडतूस उडवलं की पुंगळी फुगते आणि तिचा खांदा ताठ होतो. तिच्यात चिमूटभर दारू जास्त मावते. याला ते ‘सुधारित’ काडतूस म्हणतात. गोळीचा वेग थोडा वाढतो, बढाई मात्र दसपट. आणि एकदा कोरलेला घसा पुन्हा भरून येत नाही.

ऑरवल गेला. मी नेल्डाच्या वाट्याला आले, खेचरं रुलनच्या. या वाटणीवरून दोघं तीन वर्षं एकमेकांशी नीट बोलली नाहीत. त्यातच माझ्या लाकडी दस्त्याला चीर गेली. खोऱ्यात दुरुस्तीचं यंत्र एकट्या रुलनच्या शेडमध्ये होतं, म्हणून नेल्डानं दात-ओठ खात मला त्याच्याकडे दिलं. चीर बुजवायला चार दिवस लागतात. त्यानं तीन आठवडे ठेवून घेतलं.

आणून दिलं तेव्हा बरोबर चाळीस काडतुसांचा डबा होता. नेल्डानं झाकण उघडलं. चाळीसच्या चाळीस खांदे ताठ.

“हे काय आहे?”

“भेट. तुझी रायफल सुधारलीय.”

“कुणी सांगितलं होतं तुला?”

“सांगायला कशाला हवं? बाबांच्या जमान्यातली चीज होती, आता—”

“स्वतःच्या रायफलीचा घसा का नाही कोरलास मग?”

रुलन डब्याचं झाकण लावू लागला. नेल्डाला एवढं पुरलं.

“आधी माझ्यावर हात साफ करून घेतलास! दुसऱ्याच्या जबड्यावर शिकणारा दंतवैद्य लेकाचा!”

मी तिच्याच बाजूची होते. माझा घसा सोलून निघाला होता.

हे सगळं त्याच वर्षी व्हायचं होतं. एल्कच्या नराच्या शिकारीची परवानगी सोडतीनं मिळते. नेल्डा एकोणीस वर्षं अर्ज करत होती आणि एकोणीस वर्षं नकार येत होता. विसाव्या वर्षी चिठ्ठी निघाली. वय सहासष्ट, डावा खुबा झिजलेला. पुढच्या चिठ्ठीपर्यंत डोंगर चढायचे पाय उरणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. बापाच्या रायफलीनं, बापाच्या हातच्या काडतुसानं एक नर मारायचा, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं. ऑरवलनं भरलेली सातच काडतुसं शिल्लक होती. उडवून बघण्यात एक वाया घालवायला तिचा जीव होईना.

मांस खाली आणायला मात्र खेचरं लागतात. म्हणून ऑक्टोबरात रुलन बरोबर आला, स्वतःची बंदूक न घेता, नेल्डानं परत केलेली ती ताठ खांद्याची काडतुसं खिशात खुळखुळवत. वर जाईपर्यंत दोघं फक्त खेचरांशी बोलली.

“या बाईला सांग, कोरलेल्या घशात दोन्ही चालतात,” रुलन एका खेचराला म्हणाला. “पण ताठ खांद्याचं जास्त लांब मारतं.”

“त्या बाबाला सांग,” नेल्डा दुसऱ्याला म्हणाली, “मला विचारलेलं नाही.”

दुसऱ्या दिवशी सूर्य कड्यावर यायच्या वेळी नर झाडीतून बाहेर आला. शिंगं अशी की दोन टोकांना बसलेले दोन कावळे एकमेकांना ओळखू शकले नसते. नेल्डा दगडावर मला टेकवून पालथी झाली. तिनं बापाचं काडतूस घातलं, श्वास सोडला, चाप ओढला.

टक्.

काडतूस कधी उशिरा उडतं, म्हणून नळी समोर धरून तिनं तीसपर्यंत मोजलं. ऑरवलची शिकवण. मग दुसरं घातलं. टक्. पुन्हा तीस. नर गवत खात होता.

“किती खोल कोरलंस?” ती दातांतून म्हणाली.

“जरा... केसभर जास्त गेलं असेल.”

“केस कुणाचा? खेचराच्या शेपटीचा? बाबांचं काडतूस आत पुढे सरकतंय, गाढवा! त्याच्यावर टोला बसतच नाहीये.”

“म्हणून तर सांगतोय, माझं घे. माझी पुंगळी याच घशात फुगवलीय, गोळी लांब बसवून, म्हणजे काडतूस पुढे सरकत नाही. चपखल बसेल.”

“चोरानं कुलूप बदललं, आणि आता किल्ली घेऊन दारात उभा!”

“घेतेस की नाही?”

“आधी माफी माग.”

“आधी तू म्हण, सुधारित चांगलं.”

“जीभ झडली तरी म्हणणार नाही.”

“मग टकटक करत बस.”

“बाबांच्या मयतीलाही तू खेचरांचं काढलं होतंस, रुलन.”

“आणि तू रायफल आधीच गाडीत टाकली होतीस!”

नरानं मान वर केली. तीन वर्षांचं साठलेलं होतं, दगडाआड दबल्या आवाजात सगळं बाहेर पडत होतं, आणि मी दोघांच्या मध्ये रिकामा घसा घेऊन पडले होते. शेवटी नेल्डानं त्याच्याकडे न बघता हात मागे केला. रुलननं काडतूस ठेवलं. ते माझ्यात शिरलं. मला त्याचा संताप येतो, पण बसलं ते. असं बसलं, की बस्स.

आणि मग, मित्रांनो, मी गरजले! नऊशे पावलं, समोरून वारा, वाऱ्यात बर्फ. गोळी सुटली ती थेट नराच्या काळजात. तो पडला तेव्हा खाली गावात चर्चची घंटा आपोआप वाजली. शिंगं वाहायला दोन खेचरं लागली, एक या टोकाला, एक त्या टोकाला. भाऊ-बहीण गळ्यात गळा घालून रडली. मांस मे महिन्यापर्यंत पुरलं. तेव्हा बोध एवढाच, की जुन्या वस्तूला हात लावण्याआधी तिच्या मालकाला विचारा, तिला तेलपाणी करा, आणि भाऊबंदकी—

“मेपर्यंत पुरलं?” दुनळी म्हणाली. “मग नोव्हेंबरपासून नेल्डा रोज मला घेऊन लंगडत बर्फात का जात होती? नाताळच्या ताटातही मी मारलेला चकोर होता, तितराएवढा पक्षी, बाई. आणि टेबलाशी ती एकटीच होती.”