पायरीवरची कॉफी

"बाबा, बस आठवड्यात फक्त दोनदा जातो. ट्यूसडे आणि फ्रायडे. तुम्ही वेडनस्डेला लँड होणार. मग दोन दिवस काय करणार?"

ईशिताने लॅपटॉप वडिलांकडे वळवला. पुरुषोत्तम धारपांनी पडद्यावरचं बोस्नियन भाषेतलं वेळापत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं. त्यातलं एक अक्षरही त्यांना कळत नव्हतं.

"सारायेव्होत राहू की. हॉटेलं असतील."

"हॉटेल आहे. पण तुझं नी दुखतो, आणि तिथे सगळी हिल आहे. ममा, तू सांग ना."

"नी दुखतो नाही, गुडघा दुखतो," शशीताई ओट्याजवळून म्हणाल्या. मुलगी अडतीस वर्षांची झाली, लीड्सच्या शाळेत डेप्युटी हेड झाली, तरी तिचं मराठी सुधारण्याचं काम त्यांनी सोडलं नव्हतं. "आणि अहो, तिकडे खायला काय मिळतं ते आधी बघा. सगळं मटणाचंच असतं म्हणे."

"चीज मिळतं. ब्रेड मिळतो."

"पाच दिवस चीज-ब्रेड खायला मी काय उंदीर आहे?"

बेत असा होता: सप्टेंबरमध्ये मँचेस्टरहून व्हिएन्ना, तिथून सारायेव्हो, आणि तिथून तीन तास बसने बोस्नियाच्या डोंगरातलं लिपोवाच. गाव म्हणायला मोठं आणि शहर म्हणायला लहान. एक मशीद, एक लाकडाची वखार, एक बेकरी. सत्तरी ओलांडलेल्या जोडप्याने तिथे का जावं, हा प्रश्न लीड्सच्या महाराष्ट्र मंडळात बऱ्याच जणांना पडला होता. टेनेरिफच्या समुद्रकिनाऱ्यावर सुट्टीला जाणारं धारप दांपत्य त्यांच्या ओळखीचं होतं. लिपोवाचला जाणारं नव्हतं.

पुरुषोत्तम चौतीस वर्षं लीड्समधल्या एका हॉस्पिटलच्या वर्कशॉपमध्ये कृत्रिम पाय बनवत होते. मंडळात कोणी विचारलं की "हॉस्पिटलमध्ये टेक्निशियन" एवढंच सांगायचे, त्यामुळे अर्ध्या लोकांची समजूत ते एक्स-रे काढतात अशी होती. त्यांनी ती कधी खोडली नाही. काम मात्र त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. टाउन सेंटरमध्ये फिरताना पुढच्या माणसाची चाल बघून ते बायकोला हळूच सांगायचे, "डावा. गुडघ्याखाली. अर्धा सेंटिमीटर आखूड बसवलाय." निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ही खोड गेली नव्हती.

मुनिरा त्यांच्याकडे आली तेव्हा चौदा वर्षांची होती. साल त्र्याण्णव. बोस्नियातल्या जखमींना घेऊन जी विमानं इंग्लंडला आली, त्यातल्या एकातून ती आणि तिची आई उतरली. तोफगोळ्याने तिचा डावा पाय गुडघ्याखाली नेला होता. वाढत्या वयाची मुलगी, दर दहा महिन्यांनी जुना पाय आखूड पडायचा. आठ वर्षांत पुरुषोत्तमांनी तिला नऊ पाय करून दिले. दोन हजार एक साली, सगळ्यांनी 'जाऊ नकोस' म्हटलं असताना, ती आईला घेऊन आपल्या गावी परत गेली. जाताना नववा पाय घालून गेली. तो पाय आपल्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम आहे, असं पुरुषोत्तम मनातल्या मनात मानत आले होते.

मध्ये बरीच वर्षं काही पत्ता नव्हता. मग गेल्या वर्षी मुनिराने ईशिताला फेसबुकवर शोधून काढलं. आता तिची मुलगी लैला हिचं लग्न ठरलं होतं. तिने लिहिलं होतं, 'मिस्टर पुरू, तुम्ही आलात तर माझ्याकडचं माणूस आलं असं मला वाटेल. आणि तुमचा पाय अजून चालू आहे! इथल्या लोकांनी चार वेळा नवा केला. दर वेळी मी सांगते, इंग्लंडच्या पायात काही बदलू नका, तसाच करा.'

हे वाक्य पुरुषोत्तमांनी त्या दिवशी शशीताईंना तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "कळलं हो, कळलं. आता पायाला हार घालू का?"

तर त्या रविवारी, बसचा घोळ तसाच ठेवून, तिघांनी मुनिराला व्हिडिओ कॉल लावला. भेट काय आणायची ते विचारायचं होतं. पडद्यावर पंचेचाळिशीची, गोल चेहऱ्याची बाई आली. मागे भिंतीवर घड्याळ आणि खिडकीत मिरचीची रोपं. तिचं इंग्रजी अजून पक्कं यॉर्कशरचं होतं. लीड्सच्या बसमध्ये शिकलेलं इंग्रजी तिने बोस्नियाच्या डोंगरात जसंच्या तसं जपून ठेवलं होतं.

"काही आणू नका," ती म्हणाली. "फक्त घरात घालायच्या सपाता आणा. पाहुण्यांसाठी आम्ही ठेवतो, पण मिस्टर पुरूंचे पाय मोठे. आमच्याकडे बूट दाराबाहेर काढतात ना."

शशीताईंना एकदम माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. "आमच्याकडेही! अगं, या देशात मी सेहेचाळीस वर्षं प्लंबरशी भांडतेय. कार्पेटवर चिखल घेऊन येतात, आणि वर 'डोंट वरी लव्ह' म्हणतात!"

दोघी हसल्या. इंग्रज लोक बूट घालून पलंगावर कसे लोळतात यावर पाच मिनिटं गेली. पुरुषोत्तम हसले नाहीत. ते खुर्चीत पुढे सरकून बसले होते.

"मुनिरा," त्यांनी विचारलं, "तू घरात काय घालतेस?"

"मी? मी बूटच. घरातले वेगळे ठेवलेत, तळ रोज पुसते. पहिल्या वर्षी सासूबाईंनी तोंड वाकडं केलं होतं. मग सवय झाली त्यांना."

"आणि दुसऱ्यांकडे जातेस तेव्हा?"

"दुसऱ्यांकडे मी आत जात नाही." हे तिने बाजाराचा दिवस सांगावा इतक्या सहज सांगितलं. "बूट काढले की तोल मागे जातो. दोनदा पडले. तशी शेजारीण म्हणते, ये गं बुटांसकट. पण त्यांच्या गालिच्यावर नमाज पढतात, तिथे बूट घालून कशी जाऊ? मी बाहेर पायरीवर बसते. त्या कॉफी बाहेर आणून देतात. थंडीत खाली उशी देतात. चांगल्या आहेत सगळ्या." मग ती हसली. "लग्नानंतर आठवड्याने मुलीच्या नव्या घरी जायची रीत आहे आमच्यात. मी जाऊन बघून आलेय. त्यांची पायरी चांगली रुंद आहे."

कॉल संपल्यावर ईशिता म्हणाली, "सो स्वीट आहे ना ती? बाबा, मग फ्रायडेचा बस बुक करू?"

"काही बुक करू नकोस," पुरुषोत्तम म्हणाले आणि मागच्या दाराने गॅरेजमध्ये निघून गेले.

थोड्या वेळाने शशीताई चहा घेऊन तिकडे गेल्या. ते स्टुलावर नुसते बसले होते.

"काय झालं हो?"

त्यांनी फळीवरचा आपला जुना बूट खाली काढला आणि त्याच्या टाचेवर बोट ठेवलं. "ही बघ, अकरा मिलिमीटर. तिच्या बुटांचीही एवढीच असायची. पाय बनवताना घोट्याचा कोन बुटाच्या टाचेवरून ठरवतात. टाच इतकी उंच धरून पाय सरळ उभा केला, आणि मग बूट काढला, तर टाच तेवढी खाली जाते. सगळा पाय मागे कलतो. माणसाला मागे ढकलल्यासारखं होतं."

"मग त्याला इलाज नाही?"

"आहे ना. टाचेखाली अकरा मिलिमीटरची पाचर घालायची, वरून पायमोजा चढवायचा. पंधरा मिनिटांचं काम."

शशीताईंनी चहाचा कप त्यांच्या हाताशी ठेवला.

"मी तिला दर वेळी विचारायचो, कसले बूट घालतेस? टाच किती? लिहून घ्यायचो. घरात काढतेस का, हे एकदाही विचारलं नाही. दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं तर समजलो असतो. मी रोज संध्याकाळी कामावरून येऊन दारात काय करत होतो गं? बूटच काढत होतो ना?" त्यांचा आवाज चढला. "तेवीस वर्षं पोर लोकांच्या दाराबाहेर बसलीय. आणि मी तिथे जाऊन पाहुणचार घेऊ? मला लाज वाटते, शशी."

"मग तिला तसं सांगा."

"तिच्या मुलीच्या लग्नात?"

"फोन आहे. तोंड आहे. लग्नापर्यंत थांबायला कोणी सांगितलंय?"

सांगायला त्यांना चार दिवस लागले. त्या चार दिवसांत त्यांनी एका कडक फोमच्या तुकड्याची पाचर कापली, घासली, मोजली, फेकून दिली. दुसरी केली. हात आता पूर्वीसारखे स्थिर नव्हते. शशीताई गॅरेजच्या खिडकीतून बघायच्या आणि परत यायच्या. नवऱ्याची समजूत काढायची की त्याला हाणायचं, हे त्यांचं ठरत नव्हतं. गुरुवारी सकाळी तिसरी पाचर जमली. नाश्ता झाल्यावर शशीताईंनी स्वतःच कॉल लावला आणि फोन त्यांच्यासमोर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला.

मुनिराने ओले हात पुसत फोन घेतला. "काय मिस्टर पुरू, तिकिटं काढलीत?"

"मुनिरा, तू बूट काढल्यावर पडतेस, ती माझी चूक आहे." त्यांनी सगळं एका दमात सांगितलं. टाच, कोन, न विचारलेला प्रश्न, पाचर. दोष त्यांनी वर्कशॉपवर किंवा तिथल्या छापील फॉर्मवर ढकलला नाही. सांगून झाल्यावर ते टेबलाकडे बघत राहिले.

मुनिरा खुर्ची ओढून बसली.

"मला वाटायचं, मीच नीट शिकले नाही," मुनिरा म्हणाली. "लीड्सच्या फ्लॅटमध्येही असंच व्हायचं. पण तिथे चार पावलांवर भिंत होती, धरून चालायचे. आई म्हणायची, त्या माणसाने इतका चांगला पाय दिलाय, तू सराव कमी करतेस. म्हणून मग तुम्हाला सांगितलं नाही. इथल्या लोकांनाही नाही."

"सांगायला हवं होतंस गं," शशीताई मध्येच म्हणाल्या.

"मी येत नाही सप्टेंबरमध्ये," पुरुषोत्तम म्हणाले. "पाचर पोस्टाने पाठवतो. कशी घालायची तेही लिहून पाठवतो."

"पाचर पोस्टानेच पाठवा. उद्याच पाठवा, सप्टेंबरपर्यंत मी कशाला थांबू?" तिचा आवाज पहिल्यांदाच थोडा कडक झाला. "आणि तुम्ही लग्नाला यायचंय. सपाता घेऊन. हे बोलणं झालंय आपलं."

पुरुषोत्तमांनी मान हलवली. ती तिला दिसली की नाही कोण जाणे, म्हणून ते मोठ्याने म्हणाले, "येतो."

"किती जाड आहे म्हणालात?"

"अकरा मिलिमीटर."

मुनिराने फोन कशाला तरी टेकवून उभा केला. मग उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांपासून जराशी दूर धरून कॅमेऱ्यासमोर आणली.

"एवढी?"

"थोडी कमी कर. हां. एवढीच."

तिने बोटं तशीच धरून स्वतःकडे वळवली आणि त्यांच्यामधल्या फटीकडे बघत राहिली. आत कुठेतरी म्हातारी सासू तिला काहीतरी विचारत होती. मुनिराने उत्तर दिलं नाही. ती उठली, आणि बोटं न हलवता, हात पुढे धरून, सासूला दाखवायला आत गेली. फरशीवर तिच्या बुटांचा आवाज दूर जाताना ऐकू येत राहिला.