मनगटावरची जाई

माझ्या नाकाबद्दल आमच्या कारखान्यात दोन मतं आहेत. एक माझं आणि एक माझ्या धाकट्या दिरांचं. माझ्या मते ते अजून भरपूर चालेल. भाऊजींच्या मते ते गेल्या वर्षीच निवृत्त व्हायला हवं होतं, आणि त्याच्याबरोबर मीही.

कारखाना सुगंधाचा. खाली फुलांचे, मुळांचे, सालींचे अर्क निघतात आणि वर माझी खोली. उत्तरेला खिडकी, लांब टेबल, दोनशेच्या वर तपकिरी बाटल्या, वास घ्यायच्या कागदी पट्ट्या आणि एक खुर्ची. खुर्चीचा उजवा हात जरा हलतो. तिच्यात आधी सासूबाई बसायच्या, त्यांच्यानंतर मी. मालाची कुठलीही खेप बाहेर जायची तर तिच्या कार्डावर या खुर्चीतून सही व्हावी लागते. आमच्या जाईच्या बाटलीवर ‘फक्त फुलांपासून’ असं छापलेलं असतं. ते खरं आहे, असं सांगणारी ती सही.

लोक विचारतात, एवढे वास लक्षात कसे राहतात? माणसं राहतात तसेच. संत्र्याची साल ही आल्या आल्या खळखळून हसणारी आणि चहा व्हायच्या आत निघून जाणारी पाहुणी. वाळा घुम्या. ओल्या मातीत पाय रोवून बसतो, दुपारपर्यंत तोंड उघडत नाही आणि एकदा उघडलं की दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही. लोबानाच्या धुरात लिंबू लपलेलं असतं, ते पहिल्या दिवशी कुणालाच सापडत नाही. गुलाब नुसता गोड आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्याच्यातली मिरी हुंगलेली नाही. चंदनाचं कुणाशीच भांडण नाही.

आणि जाई. जाईत घाण असते. थोडीशीच, पण असते. जास्त पिकलेलं फळ, तबेल्यातलं गवत आणि मागे कुठेतरी डांबरगोळीची चुलत बहीण. ती घाण काढून टाकली की उरतो तो साबण. हे मी माझ्या पुतणीला, भाऊजींच्या मुलीला, पहिल्याच आठवड्यात शिकवलं. रसायनशास्त्र ती कॉलेजातून घेऊन आली होती, नाक मी तिला दिलं. वास घेऊन घेऊन नाक बधिर झालं की पाहुण्यांसाठी आम्ही कॉफीच्या बियांची बरणी पुढे करतो. तो सगळा देखावा. खरं तर आपल्याच कोपराच्या आतल्या बाजूला नाक टेकवायचं. तिथे आपला स्वतःचा वास असतो, नाकाला तो सवयीचा असतो, म्हणून नाक पुन्हा कोरं होतं. पुतणी हे इतकं मन लावून शिकली की घरी जेवतानाही कोपर हुंगायची आणि तिच्या बापाच्या शिव्या खायची.

त्या वर्षी ऊन लवकर तापलं आणि जाई निम्मीच आली. मागणी मात्र होती तेवढीच. भाऊजी आठवडाभर माझ्या खोलीच्या दारातून नुसते डोकावून जात होते. मग एका सकाळी आत आले. मागे पुतणी आणि खालचे अर्कवाले काका. भाऊजींनी टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या. एकीवर ‘अ’, दुसरीवर ‘ब’.

“वहिनी, एक फुलांची आहे, एक नाही. सांगा कुठली.”

मी हसले. चाळीस वर्षं नाकावर माशी बसू न देणारी बाई मी. पट्ट्या बुडवल्या, अ घेतली, कोपर, ब घेतली, कोपर, पुन्हा अ. दोन्हींत गोडवा, दोन्हींत हिरवट कडा, दोन्हींत घाण. पण ब मधली घाण इतकी बेतशीर होती, इतकी माझ्या मनासारखी, की मी म्हटलं, “ब. ही आपली जाई.”

काकांनी मान खाली घातली. त्यावरूनच मला कळलं, मी चुकले.

“ब मध्ये एकही फूल नाही,” भाऊजी म्हणाले. “तुमच्या लाडक्या शिष्येने बनवलीय.”

“बाबा!” पुतणी ओरडली. “तुम्ही हे साबणासाठी हवंय म्हणाला होतात!”

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. लाज वाटली, राग आला आणि खरं सांगते, जराशी मानही ताठ झाली. पोरीने घाण बरोबर घातली होती. मी शिकवली होती तशी.

“आता ऐका,” भाऊजी टेबलाच्या कडेला टेकले. “अर्धं हे, अर्धं ते. लेबल तेच. तुमच्यासारखीला कळलं नाही, तर बाजारात कुणाला कळणार आहे? सही करा. नाहीतर नाक गेलं असं समजू, तुम्ही आराम करा आणि खुर्चीत ही बसेल. सही ही करेल.”

“मला कळलं नाही, हे माझ्या नाकाचं झालं,” मी म्हटलं. “लेबलवर माझ्या नाकाबद्दल एक अक्षर नाही, भाऊजी. फुलांबद्दल आहे.”

“शब्दांचे खेळ नकोत.”

“बरं. मग मनगटाचा नियम करू.”

काकांनी चटकन वर पाहिलं. हा नियम सासूबाईंचा. जो सही करणार, त्याने सकाळी माल मनगटावर लावायचा, कारखाना बंद होईपर्यंत तिथे पाणी लागू द्यायचं नाही आणि संध्याकाळी वास घेऊनच पेन उचलायचं. ‘कागदाला घाम येत नाही,’ असं त्या म्हणायच्या. कार्डावर सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन रकाने त्यांनीच छापून घेतले होते. आणि गेली चार वर्षं ते रकाने कोरे जात होते, कारण मी पट्टी हुंगून जेवणाआधीच सही ठोकत होते. घाई असते, माल अडतो, आपलं नाक आहेच! भाऊजींनी सकाळी परीक्षा घेतली ती उगाच नाही. माझी सवय त्यांना पाठ होती. त्यांचं काय चुकलं? दार मीच उघडं ठेवलं होतं.

“आज कशाला जुनं उकरून काढता?” ते म्हणाले.

“कार्डावर रकाने आहेत. भरायचे नसतील तर आधी कार्ड बदला.”

मी डाव्या मनगटावर ‘ब’ चा एक थेंब घेतला, उजव्यावर ‘अ’ चा. पुतणी पुढे आली आणि तिनेही तसंच केलं. भाऊजींनी हात खिशात घातले.

सकाळच्या रकान्यात मी माझ्या अक्षरात लिहिलं: ‘फरक कळला नाही. नकली जाईला खरी म्हटलं.’

दिवसभर आम्ही दोघी हात वर धरून फिरलो. जेवताना काकांनी चिडवलं, “दोघींना कुणी पकडायला आलंय काय?” वाळ्याची बाटली पुसता पुसता पुतणी म्हणाली, “काकू, मी खरंच साबणासाठी केलं होतं. तू फसशील असं मला वाटलं नव्हतं.”

“मी फसले म्हणून तू चांगली आहेस,” मी म्हटलं. “आता चांगली म्हणजे कुणासाठी, ते तुझं तू ठरव. माझं ऐकून नाही. मनगट बघ.”

दुपारी दोन वाजता एका मनगटावरचा गोडवा उडायला लागला. दुसऱ्यावर अजून फूल होतं, जरा कलंडलेलं. मी दुपारचा रकाना भरला. चारला खिडकीतलं ऊन सरकलं. पुतणी एकदा हुंगायची, कोपराला नाक लावायची, पुन्हा हुंगायची. तिचा चेहरा उतरत गेला. आपण केलेली वस्तू आपल्याच अंगावर मरताना बघणं सोपं नसतं. मला तिची कीव आली.

साडेपाचला भाऊजी पेन घेऊन आले.

“झाला का तमाशा?”

“एक शेवटचा अंक आहे. डोळे मिटा.”

“वहिनी—”

“सकाळी मी सगळ्यांसमोर चुकले. तुम्ही नुसते डोळे मिटायचे आहेत.”

का कोण जाणे, मिटले. कदाचित आईचा नियम म्हणून. मी उजवं मनगट त्यांच्या नाकाजवळ नेलं. त्यांनी श्वास घेतला आणि कपाळावरची आठी सैल झाली. कोरा चहा, वाळलेलं गवत, ऊब. थकलेली, पण जाईच. मग डावं नेलं. त्यांनी तोंड असं झटक्यात फिरवलं की मान आखडावी.

“शी! हे काय, कपाटातल्या डांबरगोळ्या!”

फळ उडून गेलं होतं, हिरवटपणा उडून गेला होता आणि पोरीने बेतशीर घातलेली घाण तेवढी एकटी मागे राहिली होती. खऱ्या जाईत ती कधी एकटी पडत नाही. तिच्याभोवती शेवटपर्यंत कुणी ना कुणी असतं, आमच्या बाटल्यांवर ज्यांची नावं नाहीत अशी शंभर माणसं.

भाऊजींनी डोळे उघडले, माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि मग मुलीकडे वळले. “निम्मं मिसळल्यावर एवढं येणार नाही. तू सही कर.”

पुतणीने कार्ड घेतलं. मला वाटलं, संपलं. बाप आहे तो तिचा, आणि खुर्ची समोर ठेवलीय. तिने एकदा कोपराला नाक लावलं आणि संध्याकाळच्या रकान्यात लिहिलं: ‘ब बाटली मी बनवली आहे. ती जाई नाही. या खेपेत घालू नये.’ खाली सही केली, तारीख घातली आणि पेन बापाच्या हातात परत दिलं.

“मग फुलं आली तेवढ्याच बाटल्या निघतील,” भाऊजी म्हणाले.

“तेवढ्याच निघतील,” मी म्हटलं.

“आणि तुमचं सकाळचं?” त्यांचा आवाज चढला. “नाक तर गेलंच ना तुमचं?”

“थोडं गेलंय,” मी म्हटलं. “पहिल्या रकान्यात लिहून ठेवलंय, कुणालाही दाखवा. म्हणून तर आजपासून मनगटाशिवाय माझी सही नाही. आणि तुमच्या घाईसाठी खुर्चीही रिकामी होणार नाही.”

मी खुर्चीत बसले. हलणाऱ्या हातावर उजवं मनगट टेकवलं आणि पुतणीला म्हटलं, “उद्यापासून तुझी पण खुर्ची वर आण. इथे शेजारी जागा आहे.”