पाव ग्रॅमच्या पुड्या

मित्रांनो, माझ्यासमोर कुणी काहीही ठेवलं आणि "हे अमुक इतकं आहे" असं सांगितलं, तरी मी ते खरं मानत नाही. आधी पारड्यात ठेवा, मग बघू. माझा स्वभावच तसा पडला. मी औषधं तोलायचा एक जुना तराजू आहे. दोन पितळी पारडी, वर दांडी, दांडीच्या मधोमध खाली लोंबणारा लांब काटा आणि भोवती काचेची पेटी. पेटी हवीच, कारण जवळ कुणी नुसता सुस्कारा सोडला तरी माझी पारडी हलतात.

मला घडवणारा कारागीर स्वतःच्या बोटांवरही विश्वास ठेवत नसे. बोटाचा घाम लागला की वजन खोटं होतं, म्हणून चिमट्यानेच उचला, असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचा. माझी दांडी त्याने इतक्यांदा घासली की त्याची बायको वैतागली. "अहो, पुरे आता. सरळ झाली की!"

"सरळ दिसतेय," कारागीर म्हणाला. "आहे की नाही, ते बघायचंय."

पुढे बरीच वर्षं मी एका औषधाच्या दुकानात काढली आणि तिथून एका इस्पितळाच्या प्रशिक्षण वर्गात आलो. तिथे औषध-मदतनीस तयार होतात. सुरुवातीला माझा थाट होता. मी सांगेन ते वजन, त्यावर कुणी ब्र काढत नसे. मग लाल आकडे दाखवणारे चार विजेचे वजनकाटे आले आणि माझी रवानगी खिडकीजवळ, हात धुण्याच्या बेसिनशेजारी झाली. काचेवर पाण्याचे डाग पडू लागले. कुणी पुसेना.

तरीही मला अडगळीत टाकता येत नव्हतं. परीक्षेतला एक प्रयोग माझ्यावरच व्हायचा. विजेच्या काट्यावर आकडा आपोआप उमटतो. माझ्यासमोर मात्र किती मिलिग्रॅमची वजनं लावायची, हे माणसाला स्वतःला ठाऊक असावं लागतं.

त्या वर्षी वर्गात बावीस जण होते. एकवीस विशीच्या आतबाहेरचे, आणि एक बाई चाळिशीची. सगळे तिला मावशी म्हणत. मावशीने सतरा वर्षं त्याच इस्पितळाच्या कपड्यांच्या खोलीत चादरी मोजल्या होत्या, पडदे बेतले होते. तिथलं काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे गेलं, तेव्हा तिला सांगण्यात आलं की हा कोर्स पास झालात तर औषधांच्या खिडकीवर घेऊ, नाहीतर मग बघा तुमचं तुम्ही. घरी नववीतली मुलगी आणि आजारी सासू.

मावशीने घातलेली कागदाची घडी बघण्यासारखी होती. औषधाची पुडी ती अशी बांधायची की भिंतीवर आपटली तरी सुटू नये. पण मला ती पहिल्या दिवसापासून खटकली. वजन लावायची वेळ आली की तिची नजर शेजारच्या पोराच्या हाताकडे जायची. त्याने जे वजन उचललं, तेच ती उचलायची. एकदा त्याने चुकून वीसऐवजी दहाचं वजन लावलं, तर हिनेही दहाचंच लावलं. वर्ग घेणाऱ्या मॅडमनी दोघांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि चष्म्यावरून तिच्याकडे एक लांब नजर टाकली.

तास संपताना मॅडम विचारायच्या, "कुणाला काही शंका?" तेव्हा मावशी खाली बघून टेबल पुसू लागायची. टेबल स्वच्छच असायचं. मी मनात म्हणायचो, या बाईचं काहीतरी बिनसलंय खास.

मग एके दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ती एकटी प्रयोगशाळेत आली. दार लोटलं, कडी घातली. खिडकीबाहेर डोकावून पाहिलं. कपाटातून पांढऱ्या भुकटीची बरणी काढली आणि माझ्यासमोर बसली. मला शेजारच्या पोराशिवाय तिचे हात पहिल्यांदाच दिसत होते. तिने भुकटी तोलली, पुड्या बांधल्या, एकेका पुडीवर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि सगळ्या एप्रनच्या खिशात घातल्या. उरलेली भुकटी बेसिनमध्ये सोडून दिली. वजनं त्यांच्या लाकडी पेटीत परत ठेवली, पण घाईत दोन वजनांची अदलाबदल झाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. चोरी, मी ठरवून टाकलं. दुसरं काय असणार? मला तोंड असतं तर मी तेव्हाच बोंब ठोकली असती.

तोंड नव्हतं म्हणून बरं झालं.

बोंब ठोकणारे तसे दुसरे होतेच. प्रयोगशाळेची कोठी सांभाळणाऱ्या गृहस्थांना समोर सगळे मामा म्हणत आणि पाठीमागे दुर्बीण. मामा रोज संध्याकाळी प्रत्येक बरणीवर भुकटीच्या पातळीशी पेन्सिलीची बारीक रेघ मारत. सकाळी रेघ आणि पातळी जुळली नाही की त्यांचं पित्त खवळे. या बरणीची पातळी तीन दिवसांत दोन बोटं उतरली होती. वजनांची पेटी उघडून त्यांनी अदलाबदल पाहिली आणि मिशीतल्या मिशीत म्हणाले, "अस्सं."

चौथ्या दिवशी मामा जेवायला गेलेच नाहीत. ते कोठीच्या खोलीत, अर्धवट लोटलेल्या दाराआड उभे राहिले. मावशी आली, कडी घातली, बरणी काढली, तोललं, बांधलं. सातवी पुडी खिशात गेली आणि मामा बाहेर आले.

"काढा ताई, खिशातलं."

मावशीच्या हातातून चिमटा पडला. तो आवाज माझ्या दांडीला झोंबला.

"मामा, तसं नाही..."

"तसं नाही तर कसं? कडी लावून कोण काम करतं? काढा."

तोवर मामांनी कडी उघडून मॅडमना हाक मारली होती. जेवून परतणारी पोरं दारात गोळा झाली. टेबलावर पांढऱ्या भुकटीच्या सात पुड्या. कुणीतरी मागून कुजबुजलं, "मावशी पुड्या विकते की काय?" कुणीतरी फिसकन हसलं. पुड्यांसारख्या पुड्या, इस्पितळासारखं इस्पितळ. संशयाला आणखी काय लागतं?

"ही औषधाची भुकटी नाही," मॅडम बरणी बघून म्हणाल्या. "सरावाची दुधाची साखर आहे. पण मावशी, चोरून कशासाठी?"

मावशी खाली बघून टेबल पुसू लागली.

"आज साखर, उद्या झोपेच्या गोळ्या," मामा म्हणाले. "मोठ्या साहेबांना सांगावंच लागेल, मॅडम. यांचं नाव काढून टाकतील, पण माझ्या डोक्यावरचा ताप तरी जाईल."

मला मावशीचा राग आला. अगं बाई, बोल की! चोर म्हणवून घेतेस आणि तोंड उघडत नाहीस?

मॅडमनी एक पुडी उचलली. वर लिहिलं होतं, ०.२५ ग्रॅम. त्यांनी ती उघडून माझ्या पारड्यात रिकामी केली आणि पाव ग्रॅमची म्हणजे अडीचशे मिलिग्रॅमची वजनं लावली. माझं दुसरं पारडं धाडकन खाली गेलं. भुकटी होती जेमतेम पंचवीस मिलिग्रॅम. दुसरी पुडी: लिहिलंय ०.५ ग्रॅम, भरली पन्नास मिलिग्रॅम. तिसरी, चौथी, सगळ्या तशाच. प्रत्येक पुडीत जेवढी हवी त्याच्या बरोबर दहावा हिस्सा.

"चोर इतक्या नेमाने चुकत नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. त्यांनी मावशीकडे पाहिलं. "काय झालंय?"

मित्रांनो, मी हजारो माणसांचे हात पाहिलेत, पण त्या क्षणी मावशीचा चेहरा जसा होता तसा चेहरा पुन्हा पाहिला नाही. मान मोडल्यासारखी खाली. कानाच्या पाळ्या लालभडक. दारात एकवीस पोरं, तिच्या मुलीपेक्षा थोडीच मोठी. चोर ठरणं तिला जड जात होतं. पण जे सांगायचं होतं ते त्याहूनही जड होतं.

"मॅडम," ती शेवटी म्हणाली, "मला ते टिंब कळत नाही."

"कुठलं टिंब?"

"आकड्याच्या मधलं. दशांशाचं." तिने एका रिकाम्या पुडीची घडी घातली. "पाचवीत मला कावीळ झाली होती. तीन महिने घरी होते. परत गेले तर ते शिकवून झालेलं. एकदा विचारलं, तर गुरुजी म्हणाले, सगळ्या वर्गाला कळलं, तुलाच कसं नाही कळलं? मग पुन्हा कधी विचारलं नाही. पाठ करून पास होत गेले. कपड्यांच्या खोलीत टेपवर जे शिकले, तेवढंच येतं. पाव मीटर म्हणजे पंचवीस सेंटीमीटर. म्हणून पाव ग्रॅम म्हणजे..."

"पंचवीस मिलिग्रॅम," मॅडमनी वाक्य पुरं केलं.

"मुलीला विचारावं म्हटलं तर ती म्हणेल, आई, एवढंही येत नाही? म्हणून इथे एकटीच करून बघत होते. बरोबर येतंय की चूक, तेही कळत नव्हतं. पुड्या कचऱ्यात टाकल्या तर कुणाला दिसतील, म्हणून खिशात. उरलेली साखर बरणीत परत घालायची नसते, तुम्हीच सांगितलंय, म्हणून बेसिनमध्ये सोडली."

दारातलं हसू केव्हा बंद झालं, मला कळलंही नाही.

मॅडमनी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसल्या. "मीटरमध्ये सेंटीमीटर किती?"

"शंभर."

"आणि मिलिमीटर? टेपवरच्या त्या बारक्या रेघा?"

"हजार."

"मग ग्रॅममध्ये मिलिग्रॅम?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. काटा अजून झुलत होता. ती ओठ हलवत राहिली. मग तिने चिमटा उचलला, पेटीतून दोनशेचं आणि पन्नासचं वजन काढून एका पारड्यात ठेवलं आणि दुसऱ्यात चमच्याने थोडी थोडी साखर सोडू लागली. माझा काटा मधल्या रेघेवर येऊन थांबला.

"एवढी असते होय पाव ग्रॅम!" ती म्हणाली. आणि पदराने डोळे टिपू लागली.

पुढचं मला अजिबात अपेक्षित नव्हतं. मामा अजून तिथेच उभे होते. ते खाकरले. "मॅडम, मोठ्या साहेबांना काही सांगायचं नाही. आणि... ते टिंबाचं शिकवणार असाल, तर मी पण बसू का मागे?"

"तुम्ही?"

"रेघा कशाला मारतो मी बरण्यांवर? माल काढल्याच्या चिठ्ठीवरचे आकडे बघून किती उरलं ते मला कळत नाही, म्हणून. बावीस वर्षं झाली. विचारणार कुणाला?"

बरणीतली साखर कमी झाली की हा माणूस एवढा का चवताळायचा, ते मला त्या दिवशी कळलं. आणि माझ्याबद्दलही एक गोष्ट कळली. अर्ध्या मिलिग्रॅमचा फरक ओळखणारा मी, घाबरलेली बाई आणि चोर यांतला फरक मला ओळखता आला नव्हता.

पुढच्या शनिवारी परीक्षा झाली, ती मावशी पास झाली. पहिली वगैरे आली नाही. मधल्या गठ्ठ्यात होती. घरी जाऊन तिने मुलीला सगळं सांगितलं. मुलगी काही हसली नाही, तिने फक्त विचारलं, "मग मला का नाही विचारलंस?"

तीन वर्षांनी मॅडमनी तिला नव्या वर्गाशी बोलायला बोलावलं. तेव्हा तिने औषधांच्या खिडकीवरची एक हकिगत सांगितली. एका तान्ह्या बाळाची चिठ्ठी आली होती. औषधाचा आकडा होता पाच. मागे रांग लागलेली, बाळाची आई घायकुतीला आलेली, शेजारचा सहकारी म्हणाला, "डॉक्टरांनी लिहिलंय ना? द्या की." मावशीला पाचाच्या अलीकडे कागदावर एक पुसटसा ठिपका दिसत होता. शाईचा डाग असेल, टिंब असेल. तिने फोन उचलला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "डॉक्टर, मला नीट कळलं नाही. पुन्हा सांगता का?"

आकडा पाच नव्हता. शून्य पूर्णांक पाच दशांश होता.

फोन लागायला आणि औषध नीट मोजून द्यायला दहा मिनिटं गेली. बाळाची आई जाताना फणकारून म्हणाली, "एवढंही वाचता येत नाही, तर बसवतात कशाला इथे?" मावशीने पुढची चिठ्ठी हातात घेतली. ते बाळ आता धावत असेल.

मित्रांनो, माझी काच पुसा, वजनं चिमट्यानेच उचला, हे तर मी सांगणारच. पण त्याहून मोठी विनवणी वेगळी आहे. तुम्हाला कळलं नसेल तर हात वर करा, कान लाल झाले तरी करा. आणि दुसऱ्या कुणी तो वर केला, तर तुम्ही मागे रांगेत असाल, घाईत असाल, तुम्हाला ते केव्हाच कळलेलं असेल. तरी ती दहा मिनिटं थांबा.